दूध-पोळी नको

वकीलबाई गेल्या, त्याला आता दोन महिने होतील. त्यांच्यावर कुणी काही लिहिलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. "बराच रिकामा वेळ दिसतोय आपल्याकडे," म्हणाल्या असत्या. म्हणोत बापड्या. मला लिहायचंच आहे.

माझा दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बुद्धीने जन्मापासून मागे. बोलतो, पण एकेक शब्द लांबून शोधून आणावा तसा. नावाला दादा, घरात मात्र तो सगळ्यांचा बाळच. आई होती तोवर तिने सगळं निभावलं. ती गेली आणि महिन्याभरात काका विश्रांतवाडीच्या आमच्या घरी येऊन बसले. "तू दिवसभर बँकेत. याला कोण बघणार? मी एक संस्था पाहून आलोय. लांब आहे, पण चांगली आहे." काका वाईट नव्हते, हे आज कळतं. तेव्हा मी त्यांना अर्ध्या चहावरून उठवलं. मी तापट आहे, लपवून काय करू? पण कायद्याने मी दादाची पालक नव्हते. पालक नेमायचं काम कलेक्टर कचेरीतल्या समितीचं, आणि तिथे काकांचा अर्ज आधीच पोचला होता. दादाला नेणार, या धास्तीने मला अन्न गोड लागेना.

बँकेतल्या एका मैत्रिणीने वकीलबाईंचा पत्ता दिला. दादाला घेऊन मी तिथे गेले. शिवाजीनगरला कोर्टाजवळ, तळमजल्यावर दोन खोल्या. व्हीलचेअर चढावी म्हणून पायऱ्यांवर लाकडी फळ्यांचा उतार केलेला. टेबलासमोर एकच खुर्ची होती. मी जाऊन बसले.

"ती अशिलाची खुर्ची आहे," बाई म्हणाल्या.

"मीच अशील."

"असं? म्हणजे पालक आपल्यासाठी नेमायचाय?"

मी मुकाट्याने उठले. दादा खुर्चीत बसला, मी भिंतीजवळच्या बाकावर.

"आपलं नाव काय?" बाईंनी दादाला विचारलं. उभ्या आयुष्यात त्याला कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. तो बघतच राहिला, म्हणून मीच नाव सांगून टाकलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आपण यांची जीभ आहात का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण गरज माझी होती.

बाईंची एक रीत होती. अर्जाच्या आधी वही. आपल्या माणसाचा सगळा दिवस लिहून आणायचा. काय आवडतं, काय नको, कशाची भीती वाटते. पालक बदलला तरी नव्या माणसाला अंधारात चाचपडावं लागू नये, म्हणून. मी आठवड्यात अर्धी वही भरली. पहिल्याच पानावर लिहिलं, 'रोज रात्री दूध-पोळी, कुस्करून. फार आवडते.'

बाईंनी तिथेच बोट ठेवलं. "हे कुणी सांगितलं?"

"अहो, चाळीस वर्षं खातोय तो!"

"मी विचारलं, कुणी सांगितलं?"

मग त्या दादाकडे वळल्या. "रात्री काय खायला आवडतं आपल्याला?" एवढं बोलून गप्प. मी तोंड उघडलं, तशी त्यांनी बोट वर केलं. कारकून कागद घेऊन आला, त्यालाही हातानेच परत पाठवलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. मला तर जीव नकोसा झाला.

"झुणका," दादा म्हणाला. मग आणखी थोडा विचार करून, "दूध-पोळी नको. गिळगिळीत."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. आई रोज विचारायची, "खाणार ना रे बाळा?" तो हो म्हणायचा. हो म्हटलं की आम्ही सगळे खूश व्हायचो, म्हणून तो हो म्हणायचा. परतताना रिक्षात मी डोळे पुसत होते आणि दादा मजेत बाहेर बघत होता.

"परत लिहा," बाई म्हणाल्या होत्या. "त्यांना विचारून. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारू नका. विचारायचं आणि गप्प बसायचं. आपल्याला दुसरं जड जाईल."

गेलंच.

समितीसमोर जायचा दिवस आला. साहेब सज्जन होते, पण घाईत होते. "बहिणीकडे राहणार ना?"

"हो," दादा म्हणाला.

"की काका म्हणतात त्या संस्थेत जाणार?"

"हो."

संपलं सगळं, असं वाटलं. बाई उठल्या. "साहेब, यांना हो म्हणायला आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलंय. कुठे राहायचं, एवढंच विचारा आणि थांबा."

"किती वेळ?"

"बसची वाट बघतो तेवढा. पुण्यात राहता ना आपण?"

साहेब हसले. पण खरंच थांबले, हे मी विसरणार नाही. दादा गुडघा चोळत बसला. काका जमिनीकडे बघत होते. मी ओठ दाताखाली धरला होता.

"घरी," दादा म्हणाला. माझ्याकडे बोट दाखवून, "ही ओरडते." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पण आता विचारते."

काकांनी रुमाल काढला. अर्ज मागे घेतो, असं त्यांनीच साहेबांना सांगितलं. नेमणूक माझ्या नावाने झाली, दादा घरी राहिला.

त्यानंतर बाई दर महिन्याला फोन करायच्या, मला नाही, दादाला. निम्मा फोन शांततेतच जायचा. "या महिन्यात कुणी विचारलं का आपल्याला?" असं विचारायच्या, आणि दादा बिनदिक्कत माझी चहाडी करायचा. "शर्ट हिने आणला. निळा. मला नको होता." मग फोन माझ्याकडे यायचा आणि माझी हजेरी घेतली जायची. कारण मी पुनःपुन्हा विसरायचे. घाई, बँक, स्वयंपाक. आपणच ठरवून मोकळं होणं किती सोपं! बाईंनी मला विसरू दिलं नाही. माझा भाऊ कोण आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं. याची परतफेड मी कशी करणार होते?

शोकसभेला मी दादाला घेऊन गेले. एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "यांना समजलंय का, बाई गेल्या ते?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. "त्यांनाच विचारा."

गृहस्थ ओशाळले, पण विचारलं. आणि थांबले.

"समजलंय," बऱ्याच वेळाने दादा म्हणाला. "आता फोन नाही येणार."

मग माझ्याकडे वळून, "आता तूच विचार. विसरू नको."

"नाही विसरणार, दादा," मी म्हणाले.