चुन्याखालचं नाव
ओल्या चुन्याचा वास आला की मला कारंजा गावाची वेस आठवते. तिच्या कमानीवर बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. त्याचा फोटो घ्यायला मी कॅमेरा, तिपाई आणि फोटो उमटायची काचेची एकच प्लेट घेऊन बैलगाडीनं पोचलो, तर सगळी वेस पांढरीशुभ्र, अक्षरं चुन्यानं बुजलेली. चुना मारणारा म्हातारा धुतलेला सदरा घालून उभा होता. सलाम करून म्हणाला, "तुमी मांगच्या बाजारी सांगून गेलते ना, वेशीचा फोटो काढतो म्हनून. मंग वेस मळकी कायले ठेवाव?" मी त्यालाच कमानीखाली उभं केलं आणि प्लेट वापरून टाकली. तो फोटो अजून भिंतीवर आहे. हा म्हातारा कोण, असं लोक विचारतात. त्याचं नाव मीही विचारलं नव्हतं.