आईचं कमी पडलेलं सूत

मी इंग्लंडला निघाले तेव्हा शिक्रापूरच्या चौकापर्यंत आई-आप्पा सोडायला आले होते. मुंबईची गाडी यायची होती, ट्रक धुरळा उडवत होते, आणि आमची आई रस्त्याच्या कडेला उभी राहून खुशाल टकळीवर लोकर कातत होती. मेंढरं विकून आम्ही वडगाव रासाईत कधीच शेतीला लागलो होतो, पण तिचा हात काही थांबला नव्हता. मी म्हटलं, "अगं आई, आता तरी ठेव की ते." तर म्हणाली, "हात रिकामा झाला की डोळं भरत्यात, बाय." गाडी आली, मी बसले. तिनं कातता कातताच मान हलवली.

लीड्सला नवऱ्याची कॉम्प्युटरची नोकरी होती आणि मला घर होतं. हीटिंग, कार्पेट, मायक्रोवेव्ह, सगळं मऊ आणि सगळं गप्प. एका हिवाळ्यात आप्पांचा फोन आला. "आई गेली गं. तुझ्यानं काय पोचणं व्हायचं न्हाई, जिवाला लावून घेऊ नगंस." पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसात अडकलेला, जाणार कशी? मी फोन ठेवला आणि कढई घासली. मग तीच घासलेली कढई पुन्हा घासली. रडू काही आलं नाही. पाय झोपतो ना, तसं सगळं अंगच झोपलं होतं. तुमच्यातले जे गाव सोडून लांब गेलेत त्यांना सांगायला नको, आणि जे मागं राहिलेत त्यांनी "पोरगी दगडाची निघाली" असं म्हटलं असेल तर त्यांचंही चुकलं नाही.

पुढं कधीतरी फोनवर आप्पा सहज बोलून गेले. आईनं त्यांच्यासाठी घोंगडीचं सूत कातायला घेतलं होतं, ते निम्म्यातच राहिलं. घोंगडी विणणारे मामा म्हणाले, एवढ्यात काय होणार? आणि गावात आता कातणारं कोण उरलंय! सगळ्यांकडं बाजारातली गुलाबाची फुलंवाली ब्लँकेटं. "ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "सूत खुंटीला हाय. जाता-येता दिसतंय, तेवढंच." मला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटलं नाही. फक्त एवढं कळलं की ते सूत पुरं झालं पाहिजे.

मला कातता येत नव्हतं. लहानपणी लोकर पिंजली होती तेवढीच. म्हणून कॉम्प्युटरवर शोधलं आणि लोकर कातणाऱ्या बायकांचा एक फोरम सापडला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, आई वारली, तिचं सूत कमी पडलं, मला शिकवाल का? म्हटलं, कोण कशाला उत्तर देतंय!

दुसऱ्या दिवशी पाहते तर उत्तरांची रांग. वेल्समधल्या मार्गारेट नावाच्या म्हातारीनं सांत्वनाचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. विचारलं होतं, सूत जाड की बारीक? पीळ कुठल्या बाजूचा? मी आप्पांना फोन लावला. ते म्हणाले, "थांब, बघून येतो," आणि सूत हातात घेऊन आले. "जाडं हाय, काळंभोर. पीळ उजवीकडचा."

मार्गारेटनं लाकडी टकळी आणि काळी लोकर पोस्टानं पाठवली. मी कातायला बसले. माझं सूत म्हणजे कुठं दोरखंड, कुठं केस. फोटो टाकला तर तिनं लिहिलं, तुझ्या आईचंही पहिलं असंच असणार. मग कॅनडाची एक म्हणाली, थोडं मी कातते. फिनलंडची म्हणाली, मीपण. कोण, कुठल्या, तोंडं पाहिली नव्हती एकमेकींची! पण पोस्टमन काळ्या लडी आणत राहिला, सगळ्या उजव्या पिळाच्या. मी रोज कातायचे, रोज फोटो टाकायचे. बधिरपणा होता तसाच होता, पण आता त्याला बसायला एक जागा झाली होती.

पुढच्या हिवाळ्यात बॅग भरून गावी गेले. शिक्रापूर ओळखू येईना, जिकडंतिकडं कंपन्या आणि भाड्याच्या खोल्या. आप्पांनी ओट्यावर लडी मांडल्या आणि बोटांनी चाचपायला लागले. "ही बाई लई घाईची दिसतीया. हिला दम हाय. आन् ह्यो..." गाठाळ लड उचलून माझ्याकडं पाहिलं, "ह्यो हात वळखायला काय चष्मा लागतोय व्हय!"

मामांनी घोंगडी विणली. चिंचोक्याची खळ देऊन वाळवलेली, कडक, तोच आंबूस वास. आप्पांनी ती अंगणात अंथरली आणि वर बसले. फोरमवर टाकायला मी फोटो काढत राहिले, पार कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत. मग कॅमेरा ठेवला आणि नुसती उभी राहिले. हातात काहीच नव्हतं.

आप्पा सरकले, शेजारी जागा केली. मी बसले. लोकर पायाला टोचली आणि माझा बांध फुटला, चांगली मोठ्यानं रडले, शेजारीण भिंतीवरून डोकावली इतकी.

घर कुठं, असं मला आता कुणी विचारलं तर मी त्या सरकून केलेल्या जागेचं सांगते. त्या जागेखाली वेल्स आहे, फिनलंड आहे, आणि आई आहे. आप्पांनी मला गप्प केलं नाही. पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "रड आता. सूत झालंय समदं कातून."