शंभरातले उरलेले पंधरा

रुफिनोने ओलिंपियाला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात.

त्याचं न्हाव्याचं दुकान रस्त्याच्या अलीकडे आणि पैजेचं दुकान पलीकडे. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावताना समोरच्या आरशात त्याला पाठीमागचा रस्ता दिसे, आणि पलीकडचा काळा फळाही. फळ्यावर बेसबॉलच्या सामन्यांचे भाव लिहिलेले असत. आरशात ते उलटे दिसत, पण उलटे आकडे सरळ वाचायची रुफिनोला इतकी सवय झाली होती की खरा फळा समोर आला तर तोच गोंधळून जाई.

त्या सकाळी फळ्यापुढे एक बाई उभी होती. उंच, हाडकुळी, डोक्याला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. ती खडूने आकडे लिहीत होती आणि तिच्या पाठीशी गावातले रिकामटेकडे कलकलाट करत होते. बोका नुएव्हाचा संघ म्हणजे ‘खेकडे’. ते सलग चार सामने जिंकले होते आणि तरीही हिने त्यांना कमी लेखलं होतं.

“डोन्या, तुम्ही नक्की कुठल्या गावच्या?” कुको ओरडला. कुको बर्फ विकायचा आणि त्याच्या आवाजाने डुलकी घेणारी कुत्री उठायची.

“याच गावची,” ती पाठ न वळवता म्हणाली. “चार सामने कुणाला हरवून जिंकले, ते सांग आधी.”

“जिंकले ना? मग झालं तर!”

“तीन संघ तळातले. चौथ्याचा पिचर तापाने फणफणलेला. आणि शेवटच्या तीन डावांत आपले लोक किती धावा देतात, मोजल्यास कधी? सकाळची लादी बघून तू संध्याकाळच्या बर्फाचा भाव ठरवतोस का रे?”

सगळे हसले. रुफिनोही हसला आणि त्याचा वस्तरा थबकला.

“कोम्पाद्रे,” खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, “हसा खुशाल, पण कान तेवढा राहू द्या.”

ही वेनान्सिओची बायको, हे रुफिनोला मागाहून कळलं. वेनान्सिओला तो चांगला ओळखत होता. दर शनिवारी दाढीला यायचा. मैदानाच्या टोकाला, उसाला लागून असलेल्या भिंतीवर मोठा लाकडी धावफलक होता, आणि त्यावर आकड्यांच्या पाट्या टांगायचं काम वेनान्सिओचं. पाट्या रंगवायचाही तोच. त्यामुळे त्याच्या नखांत पांढरा रंग कायमचा बसला होता. आदल्याच तोडणीच्या हंगामात, सामना चालू असताना, तोडणीआधी पाला जाळायला मागचा ऊस पेटवला होता, त्याचा धूर वारा फिरल्याने मैदानात शिरला. धूर निवळला तेव्हा फलकाची शिडी होती, शिडीवर वेनान्सिओची टोपी होती, वेनान्सिओ नव्हता. लोकांनी ऊस पालथा घातला. कोणी म्हणालं, राजधानीत दुसरा संसार थाटलाय. कोणी म्हणालं, होडीत बसून पोर्तो रिकोला गेला. ओलिंपियाने पैजेच्या दुकानात नोकरी धरली आणि मागच्या खोलीत राहायला आली.

पुढे गावाला तिची सवय झाली, मग तिचा लळा लागला. सकाळी दहाला ती गावच्या रेडिओवर त्या दिवसाच्या सामन्याचा अंदाज सांगे. चेंडू फेकणारा पिचर गेल्या आठवड्यात किती थकला, कोण डावखुऱ्यापुढे चाचपडतो, कुठला संघ रात्रभर बसने आलाय, हे सगळं ती भाजीवालीने ताजी-शिळी जुडी सांगावी तशा सुरात सांगे. शेवटी म्हणे, “शंभरात आपले सत्तेचाळीस, त्यांचे त्रेपन्न. उरलेलं मैदानात बघा.”

तिची एक रीत होती. बाकीचे लोक एका संघाची शक्यता काढत आणि शंभरातून वजा करून दुसऱ्याची ठरवत. ओलिंपियाला तो आळस वाटे. ती दोन्ही बाजू स्वतंत्र मोजे, आमची फलंदाजी त्यांच्या पिचरपुढे, त्यांची आमच्यापुढे, आणि मग बेरीज करी. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. नऊ डावांत निकाल लागला नाही तर दहावा, मग अकरावा, कोणीतरी जिंकेपर्यंत. म्हणून बेरीज शंभराच्या जवळपास यायलाच हवी. आली की समजायचं, हिशेब बरोबर. राजधानीतून फोनवर येणाऱ्या भावांची बेरीज मात्र नेहमी शंभराच्या थोडी वर असे. ते वरचं म्हणजे दुकानाचा नफा.

रुफिनोचा मुलगा एल्पिदिओ खेकड्यांचा पिचर झाला ही पुढची गोष्ट. एकोणीस वर्षांचा, बांबूसारखा लवचिक, तोंडाने फटकळ. त्याच्या हाताची बातमी समुद्रापलीकडे गेली होती. एका रविवारी दुपारी राजधानीवाल्यांशी सामना होता आणि तो बघायला उत्तरेकडच्या मोठ्या संघांसाठी खेळाडू निवडणारा एक पारखी येणार होता. त्याच्या मनात भरलं की करार, आणि करार झाला की रुफिनोच्या घराला पत्र्याऐवजी सिमेंटचं छप्पर. आदल्या दिवशी रुफिनोचं वस्तऱ्याकडे लक्ष लागेना. त्याने दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

तेवढ्यात ओलिंपिया रस्ता ओलांडून आली. इतक्या वर्षांत ती प्रथमच त्याच्या दुकानात पाऊल टाकत होती. ती खुर्चीत बसली नाही.

“डॉन रुफिनो, तुम्हाला बेरीज येते ना?”

“हसताय का डोन्या गरिबाला?”

“नाही. करून बघा. उद्या आपले चव्वेचाळीस, त्यांचे एक्केचाळीस.”

रुफिनोने मनात बेरीज केली. “पंच्याऐंशी. काहीतरी राहिलंय तुमचं.”

“काल दुपारपासून तेच करतेय. काही राहिलेलं नाही. पंधरा कुणाचेच नाहीत.” तिने फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. “आत्ता राजधानीचा भाव आला. शेहेचाळीस आणि त्रेचाळीस. तोही शंभराच्या खाली. मी दोनदा विचारलं. तो म्हणाला, बाई, माझ्यापुढे जे लिहिलंय ते वाचतोय.”

रस्त्यापलीकडे कुकोला हे आधीच उमगलं होतं. राजधानीच्या भावाने दोन्ही संघांवर मिळून एकोणनव्वद पेसो लावले तर कोणीही जिंको, शंभर परत मिळणारच होते. कुठला बुकी असा वेडेपणा करतो? लोक नुसते तुटून पडले होते. कुकोने बर्फाची गाडी उन्हात तशीच सोडली होती आणि बर्फ वितळून रस्त्यावर ओघळ आला होता.

“पूर्वी एकदा, मी घरीच बसून हिशेब मांडायची तेव्हा, असंच आलं होतं,” ओलिंपिया म्हणाली. “मला वाटलं, मलाच बेरीज येत नाही. त्या दिवशी वेनान्सिओ कामावर गेला.”

रुफिनोने वस्तरा पुसून ठेवला. मग म्हणाला, “पोराला घरी बसवू?”

“बसेल?”

“नाही बसणार.”

“मग माझं ऐका. हे नुसतं आकड्यांवरून सांगतेय, दुसरं काही नाही. फलंदाज तिसऱ्या फेरीला आले की त्याला हाणतात. तो थकतो, पण चेंडू सोडत नाही. प्रशिक्षक चेंडू मागून त्याला बाहेर न्यायला आला की भांडतो. त्याला म्हणावं, उद्या कोणी हात पुढे केला तर चेंडू देऊन टाक. कोण आहे बघू नकोस. वाद घालू नकोस.”

रविवारी सकाळी रुफिनोने कुस्करलेल्या केळ्यांची थाळी मुलापुढे ठेवली आणि निरोप सांगितला.

“पापा, पारखी मला बघायला येतोय, माझी पाठ बघायला नाही,” एल्पिदिओ म्हणाला.

“देशील का नाही ते सांग.”

“मागे एकदा मी चेंडू पाठीमागे लपवला होता. आठवतंय? प्रशिक्षक माझ्याभोवती गोल गोल फिरत होता.”

“एल्पिदिओ.”

पोराने बापाचा चेहरा पाहिला आणि चमचा खाली ठेवला. “बरं. देईन. शपथ घालू नका आता.”

त्याच सकाळी दहा वाजता रेडिओवर ओलिंपियाने दोन्ही आकडे सांगितले आणि म्हणाली, “उरलेले पंधरा मला माहीत नाहीत.” गावाने ते हसण्यावारी नेलं. म्हातारी झाली डोन्या, असं म्हणत लोक मैदानाकडे निघाले.

एल्पिदिओ सुंदर खेळला. पारखी टोपी मागे सारून पुढे वाकला होता. आठव्या डावापर्यंत धावा सारख्या. मग काळी राख पडू लागली. हंगामात ती पडतेच, बायका वाळत घातलेले कपडे आत घेतात आणि विसरतात. पांढऱ्या सदऱ्यांवर, पावात तळलेल्या मासळीवर, पारख्याच्या वहीवर राख अलगद बसत होती. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग वारा फिरला आणि धावफलकामागून धूर भिंत ओलांडून गवतावर उतरला. कोणी मोठी चादर हळूहळू ओढत आणावी तसा तो आला.

“थांबा! सगळे जागेवर थांबा!” पंच ओरडला.

आवाज बंद झाले. रुफिनोला वाटलं, आपल्या कानांत कापूस घातलाय. धुरात खेळाडूंच्या फक्त आकृत्या उरल्या होत्या. भीती आवरायला त्याने त्या मोजायला सुरुवात केली. मैदानाच्या मागच्या भागात तिघे असतात. त्याने चार मोजले. पुन्हा मोजले, चारच. चौथा धावफलकाकडून येत होता, घाई नसलेल्या माणसासारखा, पिचरच्या उंचवट्याकडे. रुफिनो उठून उभा राहिला. त्याला पोराला हाक मारायची होती, पण धूर घशात गेला आणि सगळं दिसेनासं झालं.

धूर विरळ झाला तेव्हा उंचवट्यावर कोणी नव्हतं.

रुफिनो जाळी चढून आत उतरला. कसा, ते त्याला आजही सांगता येत नाही. एल्पिदिओ बाकावर बसला होता, उजव्या खांद्यावर टॉवेल. समोर प्रशिक्षक लालबुंद होऊन ओरडत होता.

“तू इथे काय करतोयस? तुला कोणी बोलावलं?”

“तुम्हीच तर आलात! हात पुढे केलात, मी चेंडू दिला.”

“मी या बाकावरून हललोसुद्धा नाही!”

चेंडू कुठेच सापडला नाही. तेवढ्यात ठिणग्यांनी धावफलक पेटला, जुनं लाकूड भराभर जळू लागलं आणि लोक दारांकडे पळाले. तो सामना तसाच राहिला, त्याचा निकाल कधी लागला नाही. दोन्ही बाजूंची पैजेची तिकिटं रद्द झाली. कुको आठवडाभर रस्त्यात उभा राहून सांगत होता, “जेवढे दिले तेवढेच परत! वर एक पेसो नाही! बर्फ गेला तो वेगळाच!”

दुसऱ्या दिवशी एल्पिदिओने अंगणात चेंडू फेकला. तो दहा पावलांवर पडला. त्याने पुन्हा फेकला, तो त्याच्याही अलीकडे. डॉक्टरांनी हात वाकवून, दाबून पाहिला, काही सापडलं नाही.

“दुखत नाही, पापा,” एल्पिदिओ म्हणाला. “नुसता रिकामा झालाय.”

पारखी निघून गेला होता. रुफिनो रस्ता ओलांडून ओलिंपियाच्या फळ्यापुढे जाऊन उभा राहिला. रागावून आला होता, पण तिला पाहिल्यावर राग कुणावर काढायचा ते कळेना. त्याने फक्त घडलं ते सांगितलं.

“त्याने चेहरा पाहिला?” तिने विचारलं.

“नाही. तुम्ही सांगितलंत तसं वागला. हात पाहिला तेवढा.”

“कोणता?”

“डावा. बोटांना पांढरा रंग होता म्हणतो.”

खडू ओलिंपियाच्या हातातच राहिला. दर शनिवारी दाढी झाल्यावर वेनान्सिओ खिशातून नाणं काढायचा तो डाव्या हाताने, हे रुफिनोला त्या क्षणी आठवलं.

“आणि पोराने दिला? वाद न घालता?”

“दिला.”

“बरं झालं,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “अंगाने कसा दिसत होता, धड होता का, काही म्हणाला पोरगा?”

“धुरात काय दिसणार, डोन्या?”

तिने मान हलवली आणि दुकानाची फळी आतून लावून घेतली. त्या दिवशी बोका नुएव्हात कुठल्याच सामन्याला भाव नव्हता.

एल्पिदिओ आता बापाच्या शेजारच्या खुर्चीमागे उभा राहून केस कापतो. कात्री डाव्या हाताने धरायला शिकला. दर शनिवारी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, ओलिंपिया त्याच्या खुर्चीत बसते. तो तिचे पांढरे केस मानेपाशी सारखे करतो, आणि ती आरशात आपल्या फळ्याकडे पाहत त्याच्याशी उसाबद्दल, पावाच्या वाढलेल्या किमतीबद्दल बोलते. त्याने तिला कधी दोष दिला नाही. रुफिनोने देऊन पाहिला एकदा, मनातल्या मनात, पण ते त्याला जमलं नाही.

ओलिंपिया आता ऐंशीच्या घरात आहे. त्याच मागच्या खोलीत राहते. दहा वाजता रेडिओवर आमचे आणि त्यांचे आकडे सांगते, मग सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी त्यांची बेरीज करते, आणि बेरीज जुळली की दुकानाची फळी उघडते.