मोलकरणीचा कागद

कचेरीच्या जिन्यातच आबेदाला किळस आली. दोन्ही भिंती कंबरेइतक्या उंचीपर्यंत पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेल्या, आणि खालच्याच पायरीवर कुणीतरी ताजं थुंकून ठेवलेलं. एका हातानं बुरखा उचलून, दुसऱ्या हातानं शमशादचं मनगट धरून ती दिराच्या मागोमाग वर चढत होती. ही सहावी खेप. चपला झिजल्या, तरी त्या मुन्शीचं 'कल आओ' काही संपेना!

नवरा युसूफ इराकात बसऱ्याला, गोदीत फिटर. तीन वर्षांनी त्याला खोली मिळाली आणि बिऱ्हाड घेऊन ये म्हणून पत्र आलं, तेव्हा आबेदा हरखून गेली होती. शहागंजातून पत्र्याची पेटी आणली, वाटेत लागेल म्हणून लोणचं घातलं. मग दीर करीम कचेरीतून अर्ज घेऊन आला आणि सगळ्यावर पाणी पडलं. पासपोर्टावर नवऱ्याच्या नावाखाली बायको आणि पोटची पोरं, बस्स. पोटची दोघं होती, त्यांचं काही अडलं नाही. अडलं ते शमशादचं.

शमशाद आबेदाच्या बहिणीची. बहीण प्लेगात गेली तेव्हा पोरगी सव्वा महिन्याची होती. बाप दुसरं लग्न करून जालन्याला जाऊन बसला. आबेदानंच शेळीच्या दुधावर तिला जगवलं. आता दहा वर्षांची झाली होती. खरी आई कोण हे तिला ठाऊक होतं, तरी दिवसभर "अम्मा, अम्मा" करत मागं मागं फिरायची. पण जन्माचा दाखला नव्हता, कसलाच कागद नव्हता. बापाची सही आणायला करीम जालन्याला गेला, तर त्या मेल्यानं दारसुद्धा उघडलं नाही.

तोड करीमनंच काढली. "भाभी, मोलकरीण म्हणून लिहू. घरकामाला नोकर नेता येतो. मुन्शीच म्हणाला." युसूफनंही पत्रातून तेच कळवलं. कागदावरच लिहायचं ना, काय फरक पडतो?

काय फरक पडतो! ह्या पुरुषांना कशानं फरक पडतो ते तरी एकदा सांगा म्हणावं. आबेदाचा नुसता संताप झाला. पण नाही म्हटलं असतं तर पोरगी इथंच राहिली असती, करीमच्या बायकोच्या हाताखाली, म्हणजे खरोखरचीच मोलकरीण. आबेदानं हो म्हटलं. एवढ्यावर भागलं नाही. मुन्शी हात बघतो असं करीमनं सांगितल्यावर तिनं स्वतः पोरीला आठ दिवस राखेनं आणि विटेच्या चुऱ्यानं भांडी घासायला बसवलं. स्वतःचीच शिसारी येत होती तिला, तरी समोर बसून "अजून घास" म्हणत होती.

वर मुन्शी कानात काडी घालून बसला होता. काडी काढून त्यानं तिचं टोक निरखलं, समोरच्या अर्जालाच पुसलं आणि मग वर पाहिलं. शी! त्याच अर्जावर तिच्या लेकरांची नावं होती.

"हीच का मोलकरीण?"

"व्हय साहेब, हीच," करीम दात काढत म्हणाला.

"हात दाखव गं."

शमशादनं हात पुढं केले. बाजारात भेंडी मोडून बघावी तशी मुन्शीनं तिची बोटं वाकवून बघितली. त्या घाणेरड्या हातांनी!

"ही बाई तुझी कोण?"

मालकीण म्हण, बीबी म्हण, असं आबेदानं घरी दहादा पढवलं होतं, पण लेकराचं काय सांगावं? एका शब्दानं सगळं फिसकटलं असतं.

"मालकीण," शमशाद म्हणाली. "मी भांडी घासते, झाडू मारते, त्यांची पोरं सांभाळते."

"खायला देतात का?"

"देतात. उरलेलं."

हे 'उरलेलं' कुणी पढवलं नव्हतं.

मुन्शी खूश झाला. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडून त्यानं तो दाणकन अर्जावर मारला. "हैदराबादेला जाईल. तिथून पासपोर्ट, मग इराकचा शिक्का. महिन्या-दीड महिन्यात येईल. जा."

"काम फत्ते, भाभी!" जिन्यात करीम म्हणाला. "पोरगी लई हुशार निघाली!" आबेदाला वाटलं, ह्याच्या तोंडावर थुंकावं. नाहीतरी त्या भिंतींवर आता जागा कुठं उरली होती!

करीम तिथूनच चहाला गेला. आबेदा जुन्या बाजारातून घराकडं निघाली. थोडं चालल्यावर तिच्या ध्यानात आलं, शेजारी कुणीच नाही. शमशाद चार पावलं मागून येत होती, कागदांची पिशवी छातीशी धरून.

"मागं का राहिलीस? ये, हात धर माझा."

"असू द्या, बीबी."

आबेदा गर्रकन वळली. "काय म्हणालीस? संपली आता कचेरी. अम्मा म्हण."

शमशादनं मान हलवली. "सवय करून घेते. आगबोटीवर तोंडातून चुकून निघालं तर मला उतरवतील. घरी पण नको. छोटे ऐकतील आणि कुणापुढंही बोलून बसतील."

आबेदा चार पावलं मागं आली. "तिकडं पोचल्यावर तर म्हणशील ना?"

शमशादनं छातीशी धरलेल्या पिशवीकडं बघितलं.

"तिकडं पण कागद हाच असंल ना, बीबी?"