जस्ताच्या खालचं घर

आवर्तसारणी मला राजारामपुरीतल्या क्लासमध्ये सरांनी शिकवली, आणि त्याच सारणीनं सरांनी मला तोंडघशी पाडलं. तेही माझ्याच सभेत.

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं. व्यापारी कड्या देतो, आई त्या ज्योतीवर झाळून पैंजण जोडते. त्या झाळेत, म्हणजे सांधे जोडणाऱ्या धातूत, कॅडमियम असतं, त्यानं ती लवकर वितळते. धूर सगळा आईच्या छातीत. तिचा खोकला हटायचं नाव घेत नाही.

अकरावीत सर फळ्यावर चौकटी आखायचे. "आडव्या ओळीत अणुअंक एकेकानं वाढतो. उभा रकाना म्हणजे गण, एका घरची माणसं. बाहेरचे इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून वागणं सारखं." बाराव्या गणात जस्त, त्याच्या खालच्या घरात कॅडमियम. मी विचारलं, "सर, जस्त तर अंगाला लागतं. मग कॅडमियम?"

"तीच तर मेख हाय की! शरीर त्याला जस्त समजून आत घेतं. मग ते मूत्रपिंडात ठाण मांडतं, निघता निघत न्हाय."

या एका उत्तरावर मी पत्रक लिहिलं. बिनकॅडमियमची झाळ द्या, धूर ओढणारा पंखा द्या! मागच्या बाजूला सारणी छापली. सभेला सरांनाच बोलावलं. आईला मी म्हणाले, "ऐक तर खरं. सर कधी खोटं बोलत न्हाईत."

तालमीच्या हॉलमध्ये बायका दाटीनं बसलेल्या, पुढच्या खुर्चीत व्यापारी. सरांनी माझंच पत्रक उंच धरलं. "हे बघा, जस्त आणि कॅडमियम एकाच रकान्यात. स्वभाव एकच. जस्ताची गोळी डॉक्टर देतात का न्हाय? मग भ्यायचं कशाला?"

मी उभी राहून ओरडले, "त्याच रकान्यात तिसरा पारा हाय, सर! त्याची बी गोळी देता काय?"

बायका हसल्या. सर माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण बाराव्या गणातच अडकलीया." मग सगळं हसू माझ्यावर फिरलं.

अडाण्याची चूक मी सोडून दिली असती. हे तर जाणत्या माणसाचं खोटं. क्लास त्या व्यापाऱ्याच्याच इमारतीत भरायचा. मी रोज त्याच्या पाटीखालूनच जिना चढत होते, आणि कधी विचार केला नाही.

दुसऱ्या सकाळी आई पुन्हा ज्योतीपुढं.

"बंद कर की गं!"

"तुझ्याच सरांनी सांगितलं की. ते खोटं बोलत न्हाईत, हे तूच म्हणालतीस. आता मी कुणाचं ऐकू?"

मी पत्रक उलटं करून पाऱ्यावर बोट ठेवलं. तिनं चष्मा सावरून बघितलं.

"ह्यो थर्मामीटरातला व्हय? फुटला तर हात लावू नका म्हणत्यात, त्यो?"

उठली, खोकली, खिडकी उघडली. ज्योत मात्र तशीच ठेवली. पैंजणं संध्याकाळपर्यंत पोचवायची होती.