अंड्यांतली खळ

लॉण्ड्रीत तिला सगळे कडकबाई म्हणत. हे नाव आपल्या इस्त्रीवरून पडलं, अशी तिची समजूत होती. मालकीणबाई मात्र म्हणत, "इस्त्रीचं नंतर गं, आधी स्वभाव!"

ऐन विशीत ती इथे कामाला लागली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी विचारपूस केली नाही आणि हिनेही कुणाच्या दाराला हात लावला नाही. लॉण्ड्रीच्या वरच्या खोलीत ती राहायची. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, आणि चादर अशी ताणलेली की तिच्यावर बसायला परका माणूस कचरावा. तिने इस्त्री केलेल्या शर्टाची घडी उलगडताना गिऱ्हाइकाच्या जिवावर येई.

दुपारी मशीन थांबली की मागच्या खोलीत तिचं राज्य सुरू व्हायचं. तिथे खळ शिजवायची शेगडी होती आणि तिचा स्वतःचा बिडाचा तवा होता. हॉटेलांची आणि इस्पितळाची गाठोडी आणणारा गाडीवाला याच वेळेला यायचा. आडव्या हाडाचा, अबोल, बायको वारलेली. येताना खिशातून तेलातल्या माशांचा एक सीलबंद डबा काढून नुसता पुढे करायचा. ती डबा फोडायची, त्यातलंच तेल तव्यावर सोडून कांदा परतायची, मासे बोटांनी मोडून त्यात घालायची, वर अख्खी अंडी फोडून झाकण ठेवायची. मिरपूड, पाव, झालं. चहा उकळायला लागतो तेवढ्यात जेवण तयार.

तो निमूट जेवायचा, पावाने तवा पुसून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरं झालं, बाई." एवढंच. पण त्या 'बरं झालं'वर तिची संध्याकाळ निघायची. त्याचे शर्ट ती गिऱ्हाइकांच्या शर्टांत सरकवून इस्त्री करी. मालकीणबाईंना दिसत होतं. त्या तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघत.

मग कॉलरवाली आली. कॉलर आणि कफ यांच्यासाठी वेगळी बाई ठेवली होती. हात चलाख, तोंड त्याहून चलाख. आल्या दिवशीच गाडीवाल्याला म्हणाली, "दादा, गाठोडं जरा इकडे टाका की, कंबर मोडली माझी!" आणि तो हसला. मोठ्याने. कडकबाईने त्याचे दात त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

"दादा म्हणते," मालकीणबाई तिची समजूत घालायला म्हणाल्या.

"दादापासून सुरुवात होते," कडकबाई म्हणाली. "शेवट कुठे होतो, ते जग जाणतं."

तरीही तवा तिच्या हातात होता तोवर तिचा जीव ठिकाणावर होता. एक दिवस वाफेच्या नळीने तिच्या उजव्या हाताला चटका बसला. हाताला पट्टी बांधली. डबा घेऊन गाडीवाला दारात उभा, आणि कॉलरवाली पदर खोचून शेगडीपाशी हजर. "ताई, तुम्ही बसा हो. अंडी काय, माझ्या डाव्या हातचा मळ!"

तिने अंडी अख्खी फोडली नाहीत. वाटीत घालून काट्याने फेटली, मासे त्यातच कालवले आणि सगळं तव्यावर ओतलं. वर बडबड चालूच. गाडीवाला जेवला आणि म्हणाला, "वा! आज काहीतरी वेगळंच."

'बरं झालं' नाही. 'वा!'

हात बरा झाला, पण तवा काही परत आला नाही. "राहू दे हो ताई, मी करते." गाडीवालाही आता डबा कॉलरवालीच्याच हातात द्यायचा, आणि जेवताना चक्क बोलायचा. रस्त्यावरचं, गाडीच्या चाकाचं, एकदा तर बायकोच्या आजारपणाचंसुद्धा. इतक्या वर्षांत कडकबाईला जे ऐकायला मिळालं नव्हतं, ते कॉलरवालीला अंडी फेटता फेटता मिळत होतं. कडकबाईच्या अंगाचा तिळपापड होई. घास गिळताना तिला वाटे, माशाचा काटा अडकलाय. काटा नव्हता.

एका दुपारी कॉलरवाली अंडी फेटून ठेवून हात धुवायला नळावर गेली. शेजारीच खळीची बादली होती. मक्याचं पीठ थंड पाण्यात कालवलेलं, उकळतं पाणी पडायचं बाकी. कडकबाईने इकडेतिकडे पाहिलं. आयुष्यभर तिने खळ वापरली ती कापड ताठ करायला. खळीने मलमलीचा पुठ्ठा होतो, मग अंड्यांचं काय होईल? चामडं! चाव म्हणावं दादाला. तिने पळीभर खळ वाटीत ओतली, ढवळली आणि टेबलाशी जाऊन उशांच्या खोळी मोजल्यासारखं करू लागली.

अंडी तव्यावर पडली. कॉलरवालीने उलथनं फिरवलं. कडकबाई कान टवकारून बसली.

गाडीवाल्याने पहिला घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग त्याने डोळेच मिटले. "अगं, हे काय केलंस? लोणी झालंय नुसतं!"

मालकीणबाईंनीही चव घेतली. "बाई बाई! दातांची गरजच नाही."

अंडी खरोखरच मऊ झाली होती, साईसारखी. कापडाचा कायदा अंड्यांना लागू नसतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच.

पुढचे काही दिवस गाडीवाला त्याच अंड्यांचा जप करत होता. "त्या दिवशीसारखी कर ना." कॉलरवालीने आच कमी केली, जास्त केली, अंडी दमेपर्यंत फेटली. तशी होईनात. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, त्या दिवशी माझ्या हाताला काय झालं होतं कोण जाणे!"

इथे कडकबाईला संधी दिसली. "सर बाजूला," ती म्हणाली. "बघते जमतंय का."

ती मुद्दाम सगळ्यांना पाठमोरी उभी राहिली. खळ घातली, तीच पळी, तेवढीच. उलथनं हळूहळू फिरवलं. ताटली गाडीवाल्यापुढे ठेवली. आज तोही तिला 'वा!' म्हणणार होता.

त्याने घास घेतला. चेहरा खुलला. मग तो कॉलरवालीकडे वळून म्हणाला, "बघ, बाईंनी अगदी तुझ्यासारखी केली! शिकल्या म्हणायच्या तुझ्याकडून."

कडकबाईला तोंडात मारल्यासारखं झालं.

"हिच्याकडून?" तिचा आवाज चिरकला. "हिच्याकडून मी शिकले? अहो, हिच्या वाटीत त्या दिवशी खळ मी ओतली होती! चांगली व्हावीत म्हणून नव्हे. दगड व्हावीत, म्हणून! तुम्ही थू थू करावं म्हणून!"

मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होतेच. "म्हणजे आम्हा सगळ्यांच्या पोटाला कडक इस्त्री!"

कॉलरवाली मात्र हसली नाही. "मग आधी सांगायचं ना, ताई," ती म्हणाली. "किती दिवस झोप लागली नाही मला. आणि एवढा राग होता तर मला दोन शब्द बोलायचे. अन्नात कशाला हात घातलात?"

कडकबाई गाडीवाल्याकडे पाहत राहिली. तो ताटलीकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. हळूहळू त्याला उमगत होतं की हा सगळा जळफळाट अंड्यांचा नाही.

"मी काय म्हणतो," तो अखेर म्हणाला, "उद्या मी करतो. तुम्ही दोघी बसा."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच केलं. कांदा करपवला, मीठ दोनदा घातलं, अंड्यांत टरफलाचे तुकडे. धूर इतका की मालकीणबाई खिडकी उघडायला धावल्या. त्याने दोघींच्या ताटल्या भरल्या.

कॉलरवालीने एक घास घेतला आणि ताटली सरळ दूर सारली. "दादा, रागावू नका, पण हे मांजरही खाणार नाही."

कडकबाई खात होती. टरफल दाताखाली कटकन वाजलं, तरी खात होती. तो तिच्याकडे पाहत होता.

"खरं सांगा, बाई. कसं झालंय?"

"बरं झालंय," ती म्हणाली.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"मग वाढा अजून."

तो हसला. तसाच, दात दाखवून. उलथन्याने तव्यातलं उरलंसुरलं खरवडून त्याने तिच्या ताटलीत घातलं आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. तिने आधी कॉलरवालीच्या ताटलीत कितपत आहे ते तिरक्या नजरेने पाहून घेतलं. आपल्या ताटलीत जास्त आहे, याची खात्री झाल्यावरच तिने पुढचा घास उचलला.