भावोजींच्या केसांनी पकडलेला वारा

माझी ताई हवेची नोकरी करते, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. चेष्टा मी करतोच, पण नोकरी खरी आहे. गावाबाहेरच्या उजाड टेकडीवर हवामान केंद्र आहे, म्हणजे एक खोली, यंत्रं ठेवायची एक पांढरी झडपांची पेटी आणि बावीस वर्षांपासून ताई. पावसाच्या रकान्यात ती वर्षातले साडेतीनशे दिवस शून्य लिहिते, आणि इतकं मन लावून लिहिते की बघणाऱ्याला वाटावं आत काहीतरी आहे.

आमच्याकडे दहा महिने हवा अशी कोरडी, की शर्ट दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. मग उन्हाळ्याच्या टोकाला एक दिवस वारा दिशा बदलतो. तो दिवस नेमका पकडणं हे ताईचं खरं काम. असं का होतं ते ती मला दरवर्षी समजावते, तेही माझाच पाणउतारा करून.

“जमीन तुझ्यासारखी. लगेच तापते, लगेच गार पडते. समुद्र तुझ्या भावोजींसारखा सावकाश. जमीन भडकली की तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, मग समुद्रावरची ओली हवा आत येते. वाटेतल्या डोंगरांनी तिला आधीच पिळून घेतलेलं असतं, म्हणून आपल्या वाट्याला नुसता दमटपणा आणि चार सरी. थंडीत जमीन आधी गार पडते, हवा जड होते आणि उलटी समुद्राकडे निघते. की फुटले आपले ओठ.”

ही ओल मोजणारं यंत्र केसांवर चालतं. थापा नाही मारत. माणसाच्या केसांची एक जुडी ताणून बांधलेली असते. हवेत ओल आली की केस लांबतात, कोरड पडली की आखडतात, आणि त्यांना जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर अखंड रेघ ओढते.

यंदा ऐन वेळी ती जुडीच तुटली. मुख्य कचेरीने कळवलं, नवे केस दोन महिन्यांत मिळतील. त्याच पत्रात खाली होतं, की यंदा वारा फिरल्याची रेघ कागदावर उमटली नाही तर केंद्र बंद, आणि ताईची बदली चारशे किलोमीटरवर. त्या दिवशी ताई भाजीत मीठ घालायला विसरली आणि भावोजींनी ती मुकाट्याने खाल्ली. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

भावोजींचं केस कापायचं दुकान चौकात, आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून गावाच्या डोक्यांवर धाड घातली. लांब केस दिसले की माणूस खुर्चीत. रोज पाकिटं घेऊन मी टेकडीवर, चिमट्याने केस बांधायला. ताईचे स्वतःचे पहिल्याच दिवशी नापास झाले, जन्मभर तेलात मुरलेले, ओल शिरणार कुठून. शाळेतल्या बाईंचेही तसेच, तीनदा धुऊनही तेल सुटेना. टपाल कचेरीतल्या बाईंचे इतके कुरळे की लेखणी नाचायलाच लागली. बँकेतल्या कॅशियरचे रंगवलेले निघाले, आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही, फक्त चौकात तीन-चार जणांना.

पाचव्या दिवशी भावोजी स्वतःच टेकडीवर आले. त्यांचं डोकं तुळतुळीत आहे, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. कारण डाव्या कानावरून निघून उजव्या कानापर्यंत पोहोचणाऱ्या वीतभर लांब केसांनी ते अकरा वर्षं झाकलेलं होतं. रोज सकाळी पंधरा मिनिटं आरशासमोर ते काम चाले. त्यांनी कात्री माझ्या हातात दिली.

“घे. मला नाही कापवणार.”

ताई मधे आली. “अहो, राहू द्या. केंद्र गेलं तर गेलं.”

“आणि तू गेलीस तर हे मी विंचरू कुणासाठी?”

मी कात्री चालवली आणि घड्याळाची स्प्रिंग बसवावी तशी जुडी यंत्रात बांधली. तेल नाही, रंग नाही, सरळ रेशीम. ताईने यंत्राजवळ ओलं फडकं धरलं आणि लेखणी सरसर वर चढली. मी तर नाचलोच.

चार दिवस रेघ सपाट. पाचव्या दिवशी भर दुपारी ताई टेकडीवरून धावत खाली आली, चपला हातात, वय वर्षं एक्कावन्न. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, कॅशियरच्या गालाला फेस.

“अहो, तुम्ही लांबलात,” ती म्हणाली, आणि हसता हसता खुर्चीच्या पाठीला धरून रडायला लागली. भावोजींनी वस्तरा खाली ठेवला आणि ते तिच्याबरोबर धावतच टेकडीकडे निघाले. अर्ध्या दाढीचा कॅशियर त्यांच्यामागे, आणि माझं दुकान उघडं टाकून मी.

केंद्र राहिलं. दोन महिन्यांनी मुख्य कचेरीचे केस आले, सोबत लगेच बदलण्याचा हुकूम. ताईने ते परत पाठवले. न बदलण्याचं कारण लिहायला फॉर्मवर एक रकाना होता. त्यात तिने लिहिलं, ‘माझ्या माणसाचे आहेत.’ कचेरीने ते मंजूर केलं.